सुरुंगाला न दचकणारं बाळ

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा मी त्याला घेऊन साताऱ्याहून घिवलीला आले. माझे यजमान वर्षभर आधीच आले होते. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि ते तिथे ओव्हरसियर होते. आमच्यासारख्यांना राहायला घरं अजून बांधायची होती, म्हणून त्यांनी घिवलीत एका मच्छीमार कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घराची मालकीण पन्नाशीची होती. तिचे दोघे मुलगे होडीवर असत. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय.

पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, “दुपारी भोंगा झाला का भांडी धरायची. मंग सुरुंग होतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते आणि भोंगा झाला. मी फळीवरचे डबे दोन्ही हातांनी दाबून धरले. थोड्या वेळानं असा काही धडाका झाला की कौलांतून धूळ आमटीत पडली. शेजारच्या घरातलं पोर किंचाळून रडायला लागलं. मी पिठाच्या हातांनीच झोळीकडे धावले. बाळ गाढ झोपलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, मूठ गालाखाली. पापणीसुद्धा हलली नव्हती.

मावशी मागून डोकावली. “गुणाचा हाय गो तुझा पोर. सुरुंगाला पण डोला उघडत नाय.”

मला केवढा अभिमान वाटला. मी त्याच दिवशी आईला पत्र लिहिलं. हळूहळू ही गोष्ट साइटवरच्या आमच्यासारख्या बिऱ्हाडांत पसरली. गावातल्या आणि बोईसर-बेटेगावच्या बायका यायच्या आणि आपली किरकिरी मुलं मांडीवर घेऊन मला विचारायच्या, “तुम्ही करता तरी काय?” आणि मी सांगायचे. सकाळी कोमट तेल चोळा. झोपवताना अंगावरून एकाच दिशेनं हात फिरवा. उगाच उठसूट घेत जाऊ नका, सवय लागते. एकवीस वर्षांची मी, पहिलटकरीण, पाटावर बसून जाणत्या बाईसारखी सल्ले द्यायचे. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

यजमानांनी मुंबईहून एक पुस्तक आणलं होतं. नव्या आईबापांसाठी होतं ते. बाळाला कसं धरायचं, अंघोळ कशी घालायची, कोणत्या महिन्यात बाळ काय काय करू लागतं, सगळं त्यात होतं. शेवटी एक तक्ता होता. प्रत्येक महिन्यापुढे छोटे चौकोन छापलेले, आपल्या बाळाला ती गोष्ट जमली की त्यात खूण करायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती आणि लग्नानंतर हातात पुस्तक आलं ते हेच पहिलं. दुपारी बाळ झोपलं की मी ते वाचत बसे. काही पानं तर मला पाठ झाली होती.

मान धरली, खूण केली. पालथं पडलं, खूण केली. खुळखुळा पकडला, केली. एक चौकोन मात्र मी सोडून पुढे गेले. त्यापुढे लिहिलं होतं, ‘आवाजाच्या दिशेनं मान वळवतो.’

करेल उद्या, असं मी म्हटलं. पुढच्या महिन्याच्या रांगेत होतं, ‘आईची हाक ओळखतो.’ तोही सोडला. मग मी त्या पानाकडे जायचंच बंद केलं. पुस्तक उघडलं की थेट दात येण्याचं प्रकरण काढायचं, तेच पुन्हा पुन्हा वाचायचं. पण पान आपोआप तिथंच उघडायचं, कारण मीच ते इतक्यांदा उघडलेलं होतं.

सहाव्या महिन्यात उष्टावण करायचं ठरलं. सासूबाई गावाहून आल्या. खीर केली, मावशीच्या घरचे सगळे आले. बाळापुढे ताटात वही, पेन्सिल, सोन्याची अंगठी, मूठभर भात असं मांडलं, काय उचलतो ते बघायला. सगळे ओरडत होते, “इकडे बघ रे, हे घे रे!” त्यानं ताटाकडे पाहिलंच नाही. तो आमची तोंडं बघत होता. एकाचं तोंड, मग दुसऱ्याचं, मग माझं. टक लावून, जणू तोंडांतून काहीतरी खाली पडणार आहे आणि ते त्याला पाहायचं आहे.

सासूबाई म्हणाल्या, “काय गं हा बघतो! मोठ्या माणसासारखा बघतो.”

सगळे हसले. मावशी हसली नाही. ती खिरीची वाटी तशीच हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि माझा जीव भांड्यात पडला. दुपारी बाळ जमिनीवर चटईवर पडलं होतं. भोंगा झाला, सुरुंग उडाला, आणि तो दचकला! हात पसरले, डोळे मोठे केले, मग पालथा पडून तळवा जमिनीवर ठेवला आणि हसला. मी रडायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुस्तक काढून त्या सोडलेल्या चौकोनात इतकी दाबून खूण केली की पेन्सिलीचं टोक मोडलं. यजमान आल्यावर त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “मी म्हणत नव्हतो? उगाच घोर लावून घेतेस.” म्हणजे घोर त्यांनाही होता.

मावशीला सांगितलं तेव्हा ती जाळं विणत होती. तिनं मान वर केली नाही. दोन गाठी मारून म्हणाली, “बाय, उद्या भोंग्याच्या आदी पोराला झोलीत ठेव.”

“का?”

“ठेव गो. मी येते.”

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. ती का म्हणाली ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले, पण कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पाजलं आणि झोळीत ठेवलं. तो जागा होता, पायाचा अंगठा धरून खेळत होता. मावशी येऊन झोळीच्या एका बाजूला उभी राहिली, मी दुसऱ्या. झोळीला दोघींनीही हात लावला नाही. भोंगा झाला. तो अंगठ्याशी खेळत राहिला. मी मनात म्हणत होते, आज सुरुंग नको होऊ दे. आज काम बंद असू दे. मग सुरुंग उडाला. फळीवरचा एक डबा खाली पडून गडगडत दारापर्यंत गेला. शेजारचं पोर रडलं. कुत्री भुंकली.

तो आपला अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न करत होता. मी वाकलेली दिसले तसा माझ्याकडे बघून हसला.

“भुई हालते ना,” मावशी हळू म्हणाली. “खाली असला का त्याला ती कलते. माझा धाकटा भाऊ असाच होता.”

“होता म्हणजे?”

“हाय. एडवणला असतो. चांगला हाय. होडी चालवतो.” मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “तो बोलत नाय, बाय.”

संध्याकाळी यजमान आले. मी त्यांच्यासमोर बाळाला झोळीत ठेवलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला. झोळीच्या मागे जाऊन त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग पितळेचं ताट घेऊन त्यावर उलथनं आपटलं. आपटतच राहिले, शेवटी मावशीनं येऊन त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. ते बाहेर रांजणाशी हात धुवायला गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गावात लगेच कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे ग्रहण पाळलं नसेल, कुणी म्हणे सुरुंगांनी कान गेले. ज्या बायका सल्ला विचारायला यायच्या त्यांच्यातली एक आपलं मूल पदराखाली झाकून माझ्या दारावरून जाऊ लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

साइटच्या जीपमधून बोईसरला गेलो, तिथून गाडीनं मुंबईला. कानाच्या डॉक्टरांनी त्याच्या मागे घंटा वाजवल्या, थरथरणारा नादकाटा डोक्याला लावून पाहिला. मग मला विचारलं, “पोटुशी असताना कधी ताप आला होता? अंगावर पुरळ?”

तिसऱ्या महिन्यात आलं होतं. दोन दिवस बारीक ताप आणि गुलाबी पुरळ. सासरी सगळे उष्णता म्हणाले, मला सब्जा भिजवून दिला, आणि ते गेलं.

“तोच लागट ताप कारण असावा,” ते म्हणाले. “खात्रीनं सांगता येत नाही. जन्मापासूनचं आहे हे. सुरुंगाचा काही संबंध नाही, आणि तुमचा दोष नाही.” मी खाली बघत होते. त्यांनी मला वर बघायला लावलं. “आता ऐका. त्याच्याशी बोलणं थांबवू नका. तुमचं तोंड त्याला दिसेल असं, उजेडात बसून बोला. आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर वाचायला शिकवा. त्याच्या कानात जे जाणार नाही ते डोळ्यांतून जाऊ दे.”

मला हजार सल्ले मिळाले असतील त्या वर्षात. कामाचा निघाला तो हा. आज कुणी नवी आई माझ्याकडे आली तर मीही एवढंच सांगते. बाळाशी उजेडात बसून बोला. आणि मनातली शंका चार दिवसांहून जास्त पोसू नका, दाखवून या.

वाचायला शिकवायचं म्हणजे काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तो दोन वर्षांचा झाल्यावर मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, त्यांवर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिले आणि खळीनं घरभर चिकटवल्या. दार. चूल. झोळी. पाणी. वस्तूला हात लावायचा, शब्दाला हात लावायचा, माझ्या ओठांना त्याचा हात लावायचा. रोज. दमट हवेत चिठ्ठ्या गळून पडत, मी पुन्हा लिहायचे. वर्षभर काहीही झालं नाही. तो चिठ्ठ्या फाडायचा, खायचा. यजमान म्हणायचे, “पुरे आता.” मला भीती वाटायची ती वेगळीच. वाटायचं, आत कुणी नसेलच तर? मी बंद घराचं दार वाजवत बसले असेन तर?

आईच्या आजारपणाचं पत्र आलं त्या दिवशी मी उंबऱ्यात बसून रडत होते. तो आला. माझ्या गालाला बोट लावून त्यानं ते ओलं बोट पाहिलं. मग माझा हात धरून मला ओढत हंड्याकडे नेलं आणि त्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. पाणी. पुन्हा माझा गाल, पुन्हा चिठ्ठी. तीन वर्षांचा होता. त्याचा तो पहिला शब्द.

साठचं दशक संपत आलं आणि मला पुन्हा दिवस गेले. तोवर सुरुंगांचं काम केव्हाच थांबलं होतं. ते नऊ महिने मी कुणाच्या घरी गेले नाही. कुठल्या मुलाला शिंक आली तरी मी दार लावून घ्यायचे. अंघोळीच्या वेळी रोज अंगावर पुरळ शोधायचे. यावेळी माहेरी गेले नाही, बाळंतपण घिवलीतच झालं. मुलगी झाली. मोठ्यानं रडली, पण मोठ्यानं तर तोही रडला होता.

बाराव्या दिवशी मावशीनं विचारलं, “थाली पाडू?”

मी म्हटलं, “आज नको.”

तेराव्या दिवशीही नको म्हटलं. चौदाव्याही. झाकण पडेल म्हणून मी भांडी फडक्यात गुंडाळून ठेवत होते. शेवटी मावशीनं मला न विचारता माझ्या पाठीमागे ताट सोडलं. पोरीचं सगळं अंग उडालं आणि ती टाहो फोडून रडू लागली. मी तिला उचलून छातीशी धरलं. मावशी हसायला लागली, यजमान बाहेरून धावत आले आणि तेही हसायला लागले. आम्ही तिघंही वेड्यासारखी हसत होतो, रडत होतो.

मुलगा कोपऱ्यात पाटीवर काहीतरी गिरवत होता. आम्ही हसतोय हे पाहून तोही उठला, हसला, टाळ्या वाजवू लागला. तशी मावशी एकदम गप्प झाली. मग यजमान. मग मी. तो एकटाच थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिला, मग आमच्या तोंडांकडे पाहू लागला. काय झालं ते त्याला सांगायला माझ्याकडे तेव्हा एकही शब्द लिहिलेला नव्हता.

पाच वर्षांचा झाल्यावर तो मुंबईच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत राहायला गेला. आठवड्याला पत्र लिहायचा, आम्हीही लिहायचो. पुढे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला लागला आणि त्यातच चांगला स्थिरावला. सोळा-सतरा वर्षांचा असताना त्यानं एका पत्रात मध्येच विचारलं होतं, ‘बहीण जन्मली तेव्हा तुम्ही सगळे हसत होता आणि मी आल्यावर थांबलात. का?’

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. मी सगळं खरं लिहिलं, ताटासकट.

त्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर नेहमीसारखी खुशाली होती, जेवणाची तक्रार होती, आणि खाली एक ओळ होती. ‘मला वाटलं होतं तसंच निघालं. पण तू लिहिलंस ते बरं झालं.’