होल्डवरची शिट्टी

घरभर वस्तू वाजवत फिरायची म्हणून बाप तिला खुडबुडी म्हणायचा. पातेली, कुलपं, गळका नळ, काही म्हणजे काही सोडलं नाही तिनं. सगळं रेकॉर्ड करायचं, कॉम्प्युटरवर कापायचं, उलटं फिरवायचं, जोडायचं आणि वर त्याला संगीत म्हणायचं. ना कुठला बँड, ना कुठली कंपनी. मागच्या खोलीत खिडकीला गादी लावून एकटीच बसलेली.

तीन वर्षांपूर्वी तिनं बापाची शिट्टी पकडली. म्हातारा इस्त्री करताना एक चार सुरांची शिट्टी वाजवायचा, स्वतःचीच. तिनं त्याचा ट्रॅक केला आणि अवदसा आठवली म्हणा, एका विमा कंपनीला देऊन टाकला. कंपनीनं तो लावला कुठं? फोनवर ताटकळणाऱ्यांच्या कानात. "लोक शिव्या घालत ऐकत असतील मला," बाप म्हणाला, आणि तेव्हापासून मुक्यानं इस्त्री करू लागला. ते तिला फार लागलं होतं.

आता नव्या अल्बमचे आठ ट्रॅक तयार होते. नववा, त्याच शिट्टीचा रीमिक्स, तेवढा अडकला होता. करार संपेपर्यंत शिट्टी कंपनीची. आणि आज सहाच्या आत नको म्हणून कळवलं नाही, तर करार आपोआप आणखी तीन वर्षं पुढं. तिच्या तीन ईमेलना एकच उत्तर आलं होतं: फोन करा.

तिनं चारला फोन लावला. वाजायला लागलं काय, तर शिट्टी.

पाच वाजून गेले. फोन स्पीकरवर, बाप दाराशी उभा. खोलीत वारा नाही, उठायची सोय नाही. फोन ठेवला तर रांग पहिल्यापासून. त्यात तिच्या कानाला एक गोष्ट लागली. शिट्टी संपून पुन्हा सुरू होते तिथं, दर चाळीस सेकंदांनी, बारीक टक् होत होतं. जोड केसभर अलीकडे कापला गेला होता. तीन वर्षं हे असं लोकांच्या कानात जातंय! लाजेनं तिचे कान तापले. मग तिला दुसरं काही ऐकूच येईना, नुसती पुढच्या टक्‌ची वाट.

सहाला चार मिनिटं कमी असताना पलीकडून एक बाई बोलली, "नमस्कार, काय मदत करू?"

"तुमच्या ट्यूनमध्ये टक् येतंय," ती घाईघाईनं म्हणाली. "जोड चुकलाय. मी नीट करून आजच पाठवते."

"बरं, नोंद करून घेते. धन्यवाद," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

आता या पोरीला काय म्हणावं! तिनं पुन्हा नंबर लावला. पुन्हा शिट्टी, मग टक्, पुन्हा शिट्टी, आणि सहाला कार्यालय बंद झाल्याची सूचना.

"आणि करार नको, ते राहिलंच ना गं?" बापानं विचारलं.

"टक्‌चं सांगितलं."

"मला तर कधी ऐकू आलं नाही," बाप म्हणाला, आणि इस्त्रीच्या कपड्यांकडे वळला.

तिनं जुनी फाइल उघडली आणि जोड शोधायला लागली. आजच पाठवते म्हणाली होती ना.