माणसांचं पुस्तक

बाइंडरकाका मूळचेच मुखदुर्बळ. दुकानात गिऱ्हाईक आलं की "कधी हवंय?" आणि "ठेवून जा" एवढ्यावर त्यांचं भागायचं. खळ, पुठ्ठा, दाभण आणि आपण. बोलायचं खातं काकूंकडे. कुणाची परीक्षा, कुणाचं दुखणं, सगळ्यांची विचारपूस त्या करायच्या, आणि काका आतून ऐकत पुस्तकं शिवायचे.

एका सकाळी चहा गाळताना काकूंच्या हातातून कप सुटला. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पाय चालायला लागला, उजवा हातही थोडाफार वळायला लागला. पण वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून मात्र नुसतं "बा, बा".

हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक तरुण ताई होती. ती काकांना म्हणाली, "आता तुम्ही बोलायचं. दिवसभर. जे कराल ते तोंडानं सांगत करायचं."

"मला नाही हो जमायचं."

"मग त्यांना कसं जमेल?"

काका दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. "हे पातेलं. मी पाणी ओततोय. अरे, सांडलं." शेजाऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग त्यांनी काकूंसाठी एक पुस्तक बांधलं. सपाट उघडणारं, जाड पानांचं, हाताला लागू नयेत म्हणून कोपरे गोल केलेलं. पानापानावर चित्रं: पाणी, गोळी, चष्मा, उशी. काकूंनी चार पानं उलटली, पुस्तक बाजूला सारलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर शिंप्याचं दुकान, त्यापलीकडे नर्सबाईंचं घर. काकांना उमजायला दोन दिवस लागले. हिला वस्तू नको होत्या, माणसं हवी होती!

दुसरा कुणी असता तर ते सोपं होतं. काकांना मात्र दारोदार जाऊन बोलावं लागलं. घाम पुसत ते म्हणायचे, "हिला तुमचा फोटो हवाय." आणि लोक फोटो देता देता त्यांना थांबवून घ्यायचे. नर्सबाई म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा आठवडाभर काकू मला एकटीला जेवू देत नव्हत्या." पोस्टमन म्हणाला, "मला अवघड अर्ज त्याच लिहून द्यायच्या." दुकानातल्या पडद्याआड राहून काकांना यातलं निम्मंही कळलं नव्हतं. घरी येऊन ते काकूंच्या पायाशी बसले. "अगं, चाळीस वर्षं मी तुला साधं 'बरं केलंस' म्हटलं नाही. तू केवढं केलंस गं!" काकूंनी डाव्या हातानं त्यांचे केस विस्कटले.

नवं पुस्तक तयार झालं. रोज संध्याकाळी उजळणी. चार महिने गेले, शब्द फुटेना. एके दिवशी पान उलटून काका ठासून म्हणाले, "हा पोस्टमन."

काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मान जोरात हलली. ओठ वळले, थरथरले, आणि खणखणीत आवाज आला, "नाही! शिंपी!"

काका तसेच अनवाणी रस्ता ओलांडून धावले. "हिनं तुमचं नाव घेतलं! तुमचं!" शिंपी कात्रीसकट बाहेर आला. गल्ली गोळा झाली आणि खिडकीत उभ्या राहून काकू रडत रडत एकेकाकडे बोट दाखवू लागल्या. "नर्स. पो... पोस्टमन." प्रत्येक शब्दाला टाळ्या.

पुढे शब्दाला शब्द जोडला जात गेला. वर्ष झालं तेव्हा ताईनं काकूंना मुद्दाम हॉस्पिटलात बोलावून घेतलं; काकाही बरोबर होते. एक शाळामास्तर, वाचा गेलेले, भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुणाला दाद देत नव्हते. काकू त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, मी पण... मुकी होते. लाज वाटायची. आता बघा, हे म्हणतात... थांब जरा!"

मास्तरांचे खांदे हलले. ते हसत होते. हळूहळू त्यांनी तोंड इकडे वळवलं, काकूंकडे पाहिलं आणि अडखळत म्हणाले, "ब... बरं."

ताईनं काकांचा हात घट्ट दाबला. काकूंनी मात्र वेळ दवडला नाही. "छान," त्या म्हणाल्या, "आता... घरी कोण कोण असतं, सांगा."