देवलाबाईचं रडणं आणि पुण्याची तबकडी

फुलवाती वळत बसले होते. सोमवारी नागनाथाला न्यायच्या होत्या. अर्ध्या वळून ताटलीत पडल्या होत्या, अर्धा कापूस मांडीवर तसाच होता, तेवढ्यात देवलाबाई आत आली. दुधाची वेळ नव्हती आणि हातात किटलीही नव्हती. पदराखाली मात्र काहीतरी चौकोनी, पातळ, परातीएवढं धरलेलं होतं.

"देवलाबाई, काय लपवलंय?"

"लपवाय काय चोरीचं हाय?" असं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. "बाई, दार लावू का?"

दार लावू का म्हणणाऱ्या माणसाच्या पदराखाली सरळ काही नसतं. मी कापूस बाजूला ठेवला.

देवलाबाई आमच्याकडं दूध घालते, माझं लग्न होऊन मी औंढ्याला आले तेव्हापासून. गावाबाहेरच्या तांड्यावर राहते. नवरा गेल्यावर तिनं एक म्हैस घेतली, त्या म्हशीची नात आता दूध देते. ती दुधात पाणी घालते हा माझा तिच्यावरचा जुना संशय. विचारलं की म्हणते, "म्या कशाला घालू? म्हशीनंच घातलं असंल, लई पाणी पिऊन राहिली." आणि असं म्हणताना चेहरा देवळातल्या कासवासारखा ठेवते. बाई खरं कधी बोलते आणि थट्टा कधी करते, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण तांड्यावर तिला मान आहे तो दुधाचा नाही, रडण्याचा. त्यांच्यात लेक सासरी निघते तेव्हा घरच्यांच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याला ते ढावलो म्हणतात. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं. लग्नाआधी म्हातारी बाई नवरीला जवळ घेऊन बसते आणि ओळ न् ओळ शिकवते. तिच्या तांड्यातल्या बहुतेक लेकी देवलाबाईनं शिकवलेलं रडून सासरी गेल्या. आता तिच्या सख्ख्या नातीचं, मिनाचं लग्न ठरलंय. आणि सून रुख्मिणीबाई म्हणते, मिनाला ढावलो शिकवायला शेजारच्या तांड्यावरची जमनाबाई येईल, तुम्ही नको.

"काहून?" मी विचारलं.

देवलाबाईनं पदराखालचं बाहेर काढलं. "हिच्यापायी. पुण्याहून पोस्टानं आली."

काळी तबकडी होती, जुन्या काळी बाजावर लावायचे तसली. पाकीट मात्र नवं कोरं. पाकिटावर देवलाबाईच्या घराचं दार होतं, निळं, एका फळीला खिळा नसलेलं. फोटोत दार होतं, देवलाबाई नव्हती.

मग मला आठवलं. माझा भाचा रुद्र पुण्याला असतो, त्याचे तीन मित्र मागच्या वर्षी दर्शनाला म्हणून आले होते. एकाचे केस अंबाड्यात बांधलेले, एकाच्या कानात डूल. त्यांचा गाण्याचा बँड आहे. जुनी गाणी कोण म्हणतं, असं विचारत विचारत ते तांड्यावर गेले आणि दिवसभर देवलाबाईच्या ओसरीवर बसले. मला तेव्हाच पटलं नव्हतं. देवदर्शनाला आलेली पोरं देवळात घटकाभर आणि दुसऱ्याच्या ओसरीवर दिवसभर कशाला बसतील?

वैष्णवी, माझी लेक, कॉलेजातून आली. तिनं पाकीट उलटसुलट केलं. "आई, हा रॉकचा अल्बम आहे. सिनेमातल्यासारखा नाही, वेगळा असतो हा. अल्टरनेटिव्ह म्हणतात. ही गाणी मोबाईलवर नाहीतच, फक्त तबकडीवर काढलीत."

"फक्त तबकडीवर? म्हणजे आपण ऐकू नये म्हणून," मी म्हणाले.

"आई, तू पण ना!"

पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात छापलं होतं: तिसरं गाणं, मराठवाड्यातल्या एका तांड्यावर लेक सासरी निघतानाचा विलाप. नाव कुणाचंच नव्हतं.

"हेच रुखमीनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं," देवलाबाई म्हणाली. "म्हणती, नवरी नसताना मशीनीपुढं रडल्या, पुण्याच्या पोरांला ढावलो इकला, आता तेच उष्टं माझ्या लेकीच्या गळ्यात घालता व्हय? मिनीची लग्नाची कांचळी शिवाय घेतली, त्या चोळीला मला हात बी लावू देईना."

"पण गायलात ना तुमी?"

"गायले. पर ढावलो न्हाई दिला त्याह्यला. दुसरंच गायले."

"मग छापलंय काय हे?"

"म्या सांगितलं तसं छापलं."

"आणि गायलं काय?"

"ते सांगून कुणी मानून राहिलं का? म्या रुखमीला सांगितलं, ती म्हणती बाजावर ऐकल्याबिगर इश्वास न्हाई. आता बाजा कुठून आणू?"

मला तिचा तो कासवाचा चेहरा दिसला आणि मीही मनात म्हटलं, ऐकल्याबिगर आपणही मानायचं नाही.

वैष्णवीनं तोवर मोबाईलवर त्या अल्बमबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते शोधलं आणि वाचून दाखवायला लागली. एकानं लिहिलं होतं, तिसऱ्या गाण्यातल्या आजीचा आवाज मित्राकडं ऐकला, परतताना गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि रडलो. दुसरीनं लिहिलं होतं, भाषा कळत नाही पण माझी आजी गेली तो दिवस आठवला. एक जण म्हणत होता, ढोल फार मोठे झालेत, आवाज त्यात बुडाला. एकाला दुसऱ्या बाजूला खरखर येत होती, एवढे पैसे घेऊन खरखर देतात म्हणून तो चिडला होता. आणि खाली एकजण: ही बाई खरी नाहीच, आवाज कॉम्प्युटरनं तयार केलाय, असलं रडणं माणसाला येत नसतं. त्याला पुष्कळ लोकांनी हो हो म्हटलं होतं.

देवलाबाईनं सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे तांडा म्हणतो म्या इकलं, अन् पुणं म्हणतं म्या न्हाईच."

एवढे लोक रडले म्हणजे ढावलोच असणार, असं मला वाटून गेलं.

बाजा शिरड शहापूरला सापडला. तिथले तातेराव पूर्वी लग्नाकार्याला कर्णे लावायचे. डीजे आल्यापासून त्यांचं सामान सोयाबीनच्या पोत्यांमागं पडून होतं. आम्ही गेलो तर दारातच उभे राहिले.

"मशीन पाहिजे? कशाला?"

"एक तबकडी ऐकायची आहे," वैष्णवी म्हणाली.

"ऐकायची का उचलायची? पुण्यामुंबईचे लोक येऊन जुन्या मशीनी भंगाराच्या भावात नेऊन राहिले. तुमी कुणाच्या?"

मी घराणं सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं, तरी त्यांची नजर त्या पाकिटावरच. शेवटी म्हणाले, "मशीन माझ्या हातातून सुटणार न्हाई. मीच घेऊन येतो. अन् एक सांगून ठेवतो, तिचा खटका पंचेचाळीसवर अडकलाय. लग्नातल्या लहान तबकड्या त्याच वेगानं लावायचो. आता सगळं त्याच वेगानं वाजतं. मला बराबर वाटतं."

आले रिक्षात, मशीन मांडीवर लेकरासारखी घेऊन. कर्णाही आणला. कुणी मागितला नव्हता.

देवलाबाईच्या अंगणात बाया जमल्या. रुख्मिणीबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली, आमच्याकडं अर्धी पाठ करून. मिना तिच्या मागं. शेजारच्या तांड्यावरून जमनाबाईही आली होती, ती तर देवलाबाईचं रडणं बाजारात गेलं का हे बघायलाच आली असावी.

तातेरावांनी तबकडी पदरानं पुसावी तशी बाहीनं पुसली आणि सुई ठेवली. कर्ण्यातून जे बाहेर पडलं त्यानं कोंबड्या कुडावर चढल्या.

"मळणीयंत्रात दगड गेला जणू," एक म्हातारी म्हणाली.

"न्हाई ग, मळणीयंत्र थांबतं तरी."

मला विचाराल तर आरतीला सगळ्यांनी आपापल्या मनानं झांजा वाजवाव्यात तसं होतं. फक्त तातेराव मान हलवत होते. "ढोल चांगला धरलाय पोरांनी," म्हणाले. वैष्णवी माझ्या कानात पुटपुटली, "आई, हे जास्त वेगानं चाललंय. गाणं असं नसणार." मी तिला गप्प बसवलं, कारण तिसरं गाणं लागलं होतं.

आधी ढोल, मग तार, आणि मग देवलाबाई. पोरांनी तिचा आवाज संथ करून ताणला होता म्हणे, पण तातेरावांच्या अडकलेल्या खटक्यानं तो पुन्हा होता तेवढा झाला. अगदी सकाळी दारात "बाई, दूध!" म्हणते तोच आवाज. चाल रडण्याची. मी हात जोडले.

रुख्मिणीबाईनं मान फिरवली. कपाळाला आठी. जमनाबाईनं कान पुढं केला. देवलाबाई जमिनीकडं बघत बोटानं माती उकरत होती.

आणि मिना हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मग तिच्या शेजारची, मग ती म्हातारी, मग जमनाबाईचा आवाज कर्ण्याच्या वर. मला त्यांची बोली कळत नाही. "अगं, काय म्हणते ती? देवाचं नाव तरी आहे का त्यात?"

मिनानं डोळे पुसत सांगितलं. "काकू, दादी म्हणती: माझी काळी म्हैस ग, पान्हा चोरून उभी. तिला सोडू का ह्या तिघांला सोडू. माझ्या ज्वारीच्या भाकरी ग, टोपल्यासकट गेल्या. ठेचा गेला, दही गेलं, आता माझ्याकडं बघून राहिले. कानात डूल घालून ग, ढुंगण उचलंनात. ह्यांच्या आया ह्यांला घरी जेवू घालीत न्हाईत का ग, न्हाईत का..." आणि ती पुन्हा हसायला लागली.

मी जोडलेले हात सोडले.

"दिवस कलला तरी उठंनात," देवलाबाई म्हणाली. "म्हणले, लेक जातानाचं गाणं ऐकल्याबिगर जाणार न्हाई. गळ्यात पोरगी नसताना ढावलो गात असतेत व्हय? मंग ही चाल लावली. ऐकून रडले बिचारे अन् गेले. म्हशीनं तवाच दिलं दूध."

गाडी कडेला लावून रडलेला माणूस मला आठवला. त्याला कुणी सांगू नये.

मला वाटलं, मिटलं आता. पण रुख्मिणीबाई हसली नव्हती. ती उठून सासूसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यात सुनाही सासूला याडी, म्हणजे आई म्हणतात.

"याडी, माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात तुमी तिच्या गळ्यात पडून गायल्या. मी रडून रडून बेसूद झाले, मला ओळी कुठं ऐकू येऊन राहिल्या होत्या? त्यात काय होतं? म्हैस?"

अंगणातलं हसू थांबलं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. ज्यांना ज्यांना देवलाबाईनं शिकवलं होतं त्या सगळ्या मनातल्या मनात आपलं आपलं रडणं आठवत असाव्यात.

"ते खरं होतं, रुखमे."

"कशावरून?"

देवलाबाईनं बोटाची माती पुसली. तिनं म्हशीकडं पाहिलं. म्हैसही तिच्याकडं बघत होती, साक्षीला बोलावल्यासारखी.

"थोरली गेली तवा," ती हळू म्हणाली, "म्या आठ दिस दूध घालाय गेले न्हाई. विचार ह्या बाईला."

खरं होतं ते. मला तेव्हा तिचा राग आला होता, न सांगता खाडे केले म्हणून. मी मान हलवली.

रुख्मिणीबाई माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्या बाजूची की सासूच्या, हे पारखत असावी. शेवटी मिनाच उठली आणि आजीजवळ जाऊन बसली. "मला शिकव दादी. मला बोली येती. खोटं शिकवलंस तर तिथंच सांगंन."

"मी बी बसणार," रुख्मिणीबाई म्हणाली. "शेजारीच. एकेक ओळ ऐकणार."

"बस की," देवलाबाई म्हणाली. "दोघी रडा. मला काय, गळे दोन असले तर बरं."

जमनाबाई मुकाट्यानं चप्पल घालून निघाली. तातेरावांनी तबकडी काढून आधी मशीन सगळ्या बाजूंनी तपासली, मग उचलली.

संध्याकाळी देवलाबाई दूध घेऊन आली. वैष्णवीला त्या पोरांचा निरोप आला होता: लोक म्हणतात आजी खरी नाही, तर आजीचा एक व्हिडिओ पाठवा.

"म्या मशीनच हाय म्हणून सांग," देवलाबाई म्हणाली. "मशीनीच्या दारात कुणी जेवाय बसत न्हाई."

मी सकाळच्या उरलेल्या वाती घेऊन बसले होते. ती शेजारी टेकली, तिनंही कापूस उचलला. माझ्या मनात दुपारपासून एक गोष्ट घोळत होती.

"देवलाबाई, मागं नवरात्रात माझ्या घटासमोर तुमी देवीचं गाणं म्हणलात. तुमच्या बोलीत. मी डोळे मिटून ऐकलं, नमस्कार केला."

"व्हय, केला तुमी."

"ते देवीचंच होतं ना?"

तिनं वात वळली, टोक पिळलं, ताटलीत ठेवली. माझ्यापेक्षा बारीक वळते.

"देवीचंच होतं, बाई," ती वातीकडं बघत म्हणाली.

दूध गाळून ठेवलं. जरा पातळच वाटलं.

उद्या सकाळी देवलाबाईला हिंगोलीला जायचंय, मिनाच्या कांचळीला लावायचे आरसे आणायला. रुख्मिणीबाई सोबत जाणार आहे.