बाहेरून आणलेला गाळ

दुष्काळात फिरायला कोण जातं, असं घरच्यांनी विचारलं. पण बसवराजचं बोलावणं होतं. तो माझ्यासोबत नांदेडला मोबाइलच्या दुकानात काम करतो. यंदाच त्याचं लग्न झालं. जळकोटजवळच्या त्याच्या गावात जुनी दगडी बारव आहे, म्हणजे तळापर्यंत पायऱ्या असलेली विहीर. त्या वर्षी लग्न झालेली जोडपी उन्हाळ्यात बारवेत उतरतात, गाळ काढून झरे मोकळे करतात, आणि नवी सून पहिली घागर भरून घरी नेते. असं मी कुठं पाहिलं नव्हतं. म्हणून निघालो.

सकाळची एसटी घ्या आणि उजव्या बाजूला बसा. डावीकडे ऊन थेट मांडीवर येतं. अहमदपूरला बसस्थानकाबाहेर गरम सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले ओले चुरमुरे, खाल्ली. चव फक्कड, पण भिंतीवर पाटी होती: ‘हात धुण्यास पाणी मागू नये.’ पाणी आपलं आपण न्या. जळकोटपासून पुढे जीप. ती भरेपर्यंत हलत नाही, आणि भरल्यावरही हलत नाही.

“पाणी आणलं का, पाव्हणं?” ड्रायव्हरने विचारलं.

“दोन बाटल्या.”

“मग गावात तुम्ही जिथं, तिथंच मुक्काम करतो की.”

बारवेच्या तोंडाशी पर्यटनाचा नवा फलक रंगवला जात होता. ‘ता. जळकोट, जि.’ इथपर्यंत मजकूर, पुढे कोरी जागा. रंगाऱ्याला विचारलं. “नवा जिल्हा होणार म्हणतेत. खोडायला पुन्हा कोण येतंय?” मला ते अर्धवट वाक्य बघवेना.

खाली उतरलो आणि डोकंच फिरलं. तळाला चकचकीत फरशी! कोनाड्यातल्या मूर्तींना ऑइलपेंट, पायऱ्यांवर स्टीलचे कठडे, निळे दिवे. बारव ठणठणीत कोरडी. फरशीखाली सिमेंटचा जाड थर, आणि त्याखाली झरे.

“स्वच्छ झालं की नाही?” कामावरचा सुपरवायझर कौतुकाने म्हणाला. “पर्यटकांचे पाय भरत नाहीत आता.”

“पण पाणी कुठून येणार?”

“टँकरनं. दुपारी उद्घाटनाला पाहुणे येऊन राहिलेत. गुडघाभर सोडतो. दिवे लावले की बघा!”

बसवराजचे वडील, अप्पा, शेजारीच उभे होते. त्यांचं वर किराणा दुकान. बारव सुधारावी म्हणून सगळ्यांत जास्त खेटे त्यांनीच घातले होते. लोक येतील, चहा खपेल, गल्लीतली दोन पोरं गावातच टिकतील. यात चूक काय? मलाही हेच हवं होतं. अप्पांनी पाहुण्यांसाठी मंडपही घातला होता.

एवढ्यात ट्रॅक्टरने गाळ आणला. खरंच! कुठल्याशा तळ्यातला. तो प्लास्टिकच्या कागदावर नीट पसरला, फरशी खराब होऊ नये म्हणून. जोडप्यांनी तोच टोपल्यांत भरून वर न्यायचा. परंपरा दिसली पाहिजे ना.

बसवराजच्या शेजारी त्याची बायको महानंदा टोपली घेऊन उभी होती. तिने माती चिमटीत घेऊन पाहिली.

“मामा, हा आपल्या बारवेतला न्हाई.”

“हाव बाई, आजच्या दिवस घे,” अप्पा खालच्या आवाजात म्हणाले.

“आन् घागर?”

“टँकर येतोय ना, ताई,” सुपरवायझर म्हणाला. “त्यातून भरा.”

“हा टँकर कुणाचा?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गल्लीत एक दिवसाआड येतो तोच. आज गल्लीची पाळी होती, आणि पायऱ्यांच्या वर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

“टँकरचंच पाणी न्यायचं तर इथं कशाला उतरवलं मला? दारातच भरते की!”

वर कुणीतरी फस्सकन हसलं. अप्पांचं तोंड उतरलं. ते वर गेले. मला वाटलं, चिडून घरी चालले. पण ते नुकत्याच आलेल्या टँकरच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला गल्लीकडे हात करून म्हणाले, “चल, तिकडं घे.” मग दुकानातली कुदळ घेऊन परत खाली आले.

“अप्पा, सरकारी काम आहे!” सुपरवायझर ओरडला.

“पाणी बी सरकारी हाय का?”

फरशीचा पूर्वेकडचा कोपरा फुटायला बराच वेळ लागला. सिमेंट चांगल्या प्रतीचं होतं, हे मानलं पाहिजे. पाणी काही उसळलं नाही. खाली काळा, थंड, ओलसर गाळ निघाला. जोडप्यांनी तो टोपल्यांत भरला. महानंदा रिकामी घागर डोक्यावर घेऊन घरी गेली. सासूने तरीही तिच्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतलं. पाहुणे आले, कठड्याला धरून वाकले आणि चहा न घेताच गेले. अप्पांचा मंडप संध्याकाळपर्यंत तसाच रिकामा.

परत येताना जीपमध्ये मी मनातल्या मनात भांडत होतो. बारव झाडा, झुडपं काढा, जवळपास संडास बांधा, चहा विका. कोण नको म्हणतंय? पण तळ कशाला बुजवायचा?

काल बसवराज दुकानात सांगत होता, अप्पांना तोडफोडीबद्दल नोटीस आली आहे. फरशी आठवड्याच्या आत पूर्ववत करायची. आणि फोडलेल्या कोपऱ्यात वीतभर पाणी साठलं आहे.

“मग अप्पा काय करणार?”

“काय करणार? सकाळपासून दुसरा कोपरा फोडून राहिलेत.”