पुलाखालची इंग्रजी पाटी

ते गाव मला आवडत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आवडायचं. म्हणूनच त्याची आठवण आली की अजून डोकं तापतं.

२००३ सालच्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो. नवऱ्याच्या कंपनीतले बाकीचे सगळे शॉमबर्ग, नेपरव्हिल या शिकागोच्या उपनगरांत राहिले आणि आम्हाला मात्र शिकागोपासून दोन-अडीच तासांवरच्या या नदीकाठच्या गावी पाठवलं. तिथल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो कॉम्प्युटरचं काम बघणार होता. मी डिपेन्डन्ट व्हिसावर होते, म्हणजे नोकरी करायला मनाई. रत्नागिरीत मी सात वर्षं पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. इथे मी भांडी घासत होते.

गावाच्या मधोमध नदी आणि तिच्या दोन्ही काठांवर विटांचे जुने कारखाने. अर्धे बंद. फुटक्या काचांतून आत बर्फ साठायचा. चालू असलेल्यांची पाळी सुटली की जाड जॅकेटातली माणसं पुलावरून घरी जायची, कधी कुणी मला हात करायचं. थंडी अशी की नाकातला ओलावासुद्धा गोठायचा. डिसेंबर संपता संपता नदी पांढरी, कडक होऊन जायची. फक्त नवऱ्याच्या कारखान्याखाली, पुलाजवळ, ती गोठायची नाही. तिथे एका जाड पाइपातून गरम पाणी सुटायचं, वाफ निघायची, आणि मासे त्या उबेला जमायचे. माशांमागे माणसं.

त्या माणसांत आमच्या खालच्या मजल्यावरची बाई असायची. साठीची, लाओसहून आलेली, बुटकी आणि चिवट. तिला मी मनात मावशी म्हणायचे. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. एकदा सकाळी तिने दार वाजवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन ताजे मासे माझ्या हातात दिले.

"तुझ्यासाठी. आज पकडले," ती म्हणाली.

मी रत्नागिरीची. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आणलेला बर्फातला मासा खाऊन कंटाळलेली. मी हळद-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून ते तळले. आम्ही दोघांनी बोटं चाटत खाल्ले. मग दर आठवड्याला पिशवी यायला लागली.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि मी पहिल्यांदाच पुलाखाली उतरले. काठावर एक लहान पाटी होती, हिवाळाभर बर्फात गाडलेली. इंग्रजीत लिहिलं होतं: गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी इथला मासा खाऊ नये, इतरांनी फार क्वचित खावा. खाली बारीक अक्षरांत गाळात मुरलेल्या रसायनांची नावं. ती मी दोनदा वाचली. ती माझ्या ओळखीची होती. एकदा शरीरात गेली की चरबीत घर करून बसतात.

मावशीची सून तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती.

मी धावतच त्यांच्या घरी गेले. मावशी स्वयंपाकघरात मासाच साफ करत होती, सून बाजूला बसली होती. शब्द अपुरे पडले तेव्हा मी हातांनी सांगितलं, सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं. तिने सुरी खाली ठेवली.

"पाटी आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"मी वाचत नाही. चार वर्षं मी तिथे उभी राहते. गाडीतून पोलीस जातात, कारखान्याची माणसं जातात. कुणी सांगितलं नाही." मग तिने विचारलं, "तू पण खाल्लास?"

"खाल्ला."

मासा उचलून तिने कचऱ्यात टाकला आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली.

नवरा घरी आला तसं मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बूट काढले, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ते जुनं प्रकरण आहे गं. कारखान्यात सगळ्यांना माहितीये. आता असलं काही नदीत सोडत नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"गाळाचं कानावर होतं. मासे तिथले आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही यार."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? पुलाखाली उभं राहून पकडणाऱ्यांना माहीत आहे?"

"कारखान्याने कॉन्ट्रॅक्ट काढून घेतलं तर आपला व्हिसाही धोक्यात येईल, कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणूनच तू गप्प आहेस."

महिन्याभराने गावच्या नगरपालिकेची सभा होती. कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं, असं मला लायब्ररीतल्या बाईने सांगितलं होतं. मी गेले. एवढंच मागितलं, की पाटी मोठी करा, लाओ आणि स्पॅनिश भाषेत लावा आणि बर्फाच्या वर येईल एवढी उंच लावा. कारखान्याचा एक माणूस टाय लावून पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून हसत म्हणाला, "नियमाप्रमाणे पाटी लावलेली आहे. लोकांनी वाचायला हवी." अध्यक्षबाईंनी माझे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय पार्किंगचा होता. त्यावर तासभर चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मॅनेजरने बोलावून विचारलं, "तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?" तेवढंच. तो घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग मावशीने आणि मी पुठ्ठ्यावर पाट्या केल्या. लाओ अक्षरं तिची, स्पॅनिश लॉन्ड्रीतल्या एका बाईकडून लिहून घेतलं, माशाचं चित्र आणि त्यावरची लाल फुली माझी. पुलाच्या खांबांना तारेने बांधल्या. चार दिवसांत नगरपालिकेच्या माणसांनी काढून टाकल्या. परवानगी नव्हती म्हणे. विष राहायला परवानगी लागत नाही, पुठ्ठ्याला लागते! आम्ही पुन्हा बांधल्या. पुन्हा काढल्या. तिसऱ्या खेपेला तारा बांधताना माझ्यामागे नवरा येऊन उभा राहिला. त्याने पक्कड माझ्या हातातून घेतली आणि तार घट्ट पिळली. त्या दिवशी मी त्याला अर्धं माफ केलं. अर्धं अजून केलेलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी आरोग्य खात्याने तीन भाषांतली पक्की पाटी लावली. वर्तमानपत्रात तिच्याशेजारी टायवाल्याचा फोटो आला, समाजाची काळजी घेणारा कारखाना म्हणून. मी तो पेपर फाडला. त्याच वर्षी कारखान्याने अर्ध्या लोकांना घरी पाठवलं, आमचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि आम्ही शॉमबर्गला आलो.

नेपरव्हिलच्या पार्ट्यांत आमचे मित्र अजून हा किस्सा हसत सांगतात, "वहिनी आमच्या ॲक्टिव्हिस्ट, पुलाखाली पाट्या लावायच्या." मी हसत नाही. मावशीची नात उशिरा बोलायला लागली, एवढं मला तिच्या फोनवरून कळलं. मुलं कधी कधी उशिरा बोलतात. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही, मलाही नाही, आणि नेमकं यातच त्या लोकांचं फावतं.