सरांच्या मेंदूचं चित्र

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो तिवशाच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांचा. पदवी म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. माझे निकाल मी सरांनाच सांगायचो. ते कळणारं दुसरं कोणी नव्हतं. आज मी अकोल्यात एमआरआय मशीनवर काम करतो, एकटाच राहतो. काही चांगलं झालं की अजूनही फोन तिवशालाच लावतो.

आमच्याकडे जुना विद्यार्थी सर दिसले की पाया पडतो आणि आधी स्वतःचं नाव सांगतो. सरांना आठवायचा त्रास नको म्हणून. त्यामुळे सर आम्हाला विसरत चाललेत, हे गावात कोणाच्या लक्षातच आलं नाही. घरात तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांची वाक्यं पुरी करायच्या.

मग एकदा बाजारातून घरी येताना सर रस्ता चुकले. मी दोघांना अकोल्याला डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी सरांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले, तर काकूच सांगू लागल्या.

"काकू, तुम्ही पास," डॉक्टर म्हणाले. "आता जरा बाहेर बसा."

सरांना एकही शब्द आठवला नाही.

मशीनमध्ये त्यांना मीच झोपवलं. पडद्यावर एकेक चित्र येत गेलं. नव्या आठवणी धरून ठेवणारा मेंदूचा लहानसा भाग वयाच्या मानाने फारच आक्रसलेला दिसला. असं काही झालं की ज्यांना सांगायचं, ते काचेपलीकडे डोळे मिटून पडले होते.

"दिसलं काय रे?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"रिपोर्ट डॉक्टर देतात, सर."

"तुये कान लाल होऊन राहिले. जे असन ते मले सांगजो."

चाचणी आणि चित्रं दोन्ही पाहून डॉक्टरांनी काकूंना आणि मला आत बोलावलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, म्हणाले. काकूंनी माझा हात धरला. "त्यायले नको सांगू, बाबू. खचतीन ते."

त्यानंतर बरेच दिवस मी फोन केला नाही. संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नसे. तोंडी सांगितलेलं सरांजवळ टिकलं नसतं, म्हणून शेवटी पत्र पाठवलं.

"आदरणीय सर,

तुम्ही विचारलं होतं. तुम्हाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. हा आजार आहे, वेड नाही. तो हळूहळू वाढेल; औषधाने पुरता जाणार नाही. पण आज तुमचं तुम्ही ठरवू शकता, म्हणून आजच सांगतो. शेताचं, घराचं काय करायचं ते काकूंशी बसून बोला. त्या माझ्यावर रागावतील, पण हे त्यांनी एकटीने मनात धरून ठेवू नये. मी रविवारी येतो.

आपला विद्यार्थी"