मैदानातला बांध

आमच्या क्लबाचा इतिहास भाऊजींना विचारला, तर कुठल्या मॅचला कोणी गोल मारला तेवढंच सांगतात. बांध राहून जातो, तूर राहून जाते, आणि माणसंही राहून जातात. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

सरावलीला आमचं भाताचं शेत. एक सासऱ्यांचं, लागूनच चुलतसासऱ्यांचं, आणि मध्ये गुडघ्याएवढा बांध. दोघे सख्खे भाऊ, पण वाटणीच्या वेळी बिनसलं ते बिनसलंच. कशावरून, ते मी लग्न होऊन आले तेव्हाही कोणाला धड सांगता येत नव्हतं. दोघांनी आपापल्या मुलांना बजावलेलं, त्यांच्या शेतात पाय ठेवायचा नाही. बायकांचं बोलणं मात्र चालू. विहीर एकच, न बोलून जाणार कुठे?

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, आणि त्यांचा चुलतभाऊ एका वयाचे, एका वर्गातले, आणि दोघांनाही फुटबॉलचं वेड. भात कापला की शेत मोकळं, पण एका शेतात काही मैदान मावेना. मग एक गोल आमच्या शेतात, एक त्यांच्या शेतात आणि बांध ही हाफ लाइन, असं ठरलं. डहाणू गावातून कोळ्यांची टाकून दिलेली जाळी आणली, बांबू ठोकले, झाला क्लब.

बाकीची पोरं बांधावरून उड्या मारत इकडेतिकडे पळायची. हे दोघे मात्र बापाचा शब्द पाळणारे. भाऊजी आमच्याच शेतात खेळायचे, चुलतभाऊ त्यांच्याच. एकाच टीममध्ये असूनसुद्धा. पहिल्या हाफात भाऊजी गोल राखायला आणि तो गोल मारायला, बाजू बदलली की उलट. बॉल तेवढा बांधावरून उचलून टाकायचा. इकडून उडाला की पलीकडे बरोबर त्याच्या पायाशी उतरायचा, जसा काही हातात नेऊन दिलाय. सासरे ओट्यावरून बघत बसायचे. बॉल पलीकडे गेलेला त्यांना चालायचा.

बांधावर तूर असायची. भात कापला तरी ती उभी असते, शेंगा भरायला वेळ लागतो. तूर चुलतसासूबाईंची. खेळताना कोणाचा पाय लागून फांदी मोडली की त्या अंगणातून ओरडायच्या, "फाउल." हा शब्द त्यांना कोणी शिकवला देव जाणे. तूर कापून निघेपर्यंत नुसती प्रॅक्टिस, मॅच तूर निघाल्यावर. क्लबाची ही रीत अजून आहे.

पहिल्यांदा बाहेर खेळायला गेले ते कासाला. तिथे सपाट मैदान, चुन्याच्या रेघा. भाऊजी बॉल घेऊन मस्त पळाले आणि हाफ लाइनशी येऊन थांबले. दुसऱ्यांदाही तसंच. बाकीच्यांना सवय पडलेली, ते सरळ जमिनीवरून द्यायचा बॉल आभाळात उडवत होते. बघणाऱ्यांत कोणीतरी म्हणालं, "काय रे, मध्ये नदी हाय काय? होडी बोलवू?" सगळं मैदान हसलं. टीम हरून घरी आली. चुलतभाऊ रात्री जेवला नाही म्हणे.

पुढे क्लब वाढला. तलासरीकडून, कासाकडून जीपने खेळाडू यायला लागले, आता तर अर्ध्याहून जास्त टीम तिकडचीच. भाऊजी कोच झाले. दोन्ही म्हातारे गेले, मनाई करणारं कोणी उरलं नाही. तरी भाऊजींचा पाय बांधापलीकडे गेला नाही. चुलतभावाकडे जायचं तर रस्त्याने वळसा घालून जायचे. संध्याकाळी हा बांधाच्या ह्या बाजूला उभा, तो त्या बाजूला, आणि खेळणाऱ्यांना दोघांच्या शिव्या. मग चुलतभाऊही गेला. तूर आता जाऊबाई, म्हणजे त्याची बायको, लावतात.

गेल्या वर्षी कोणीतरी आमच्या मॅचचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला, आणि शहरातल्या क्लबाचा फोन आला. पगारी खेळाडूंचा क्लब, त्यांच्या मॅच टीव्हीवर दाखवतात. आपली तरुण टीम इथे आणून खेळवू म्हणाले. भाऊजींची सगळ्या आयुष्यात एकच इच्छा, शहराची टीम आपल्या मातीत यावी, नेहमी आपणच का जायचं. त्यांचा माणूस मैदान बघायला आला.

"ग्राउंड छान आहे. पण हे मध्ये काय?"

"हाफ लाइन," भाऊजी म्हणाले.

"इतकी उंच?" तो हसला, मग गंभीर झाला. "आमच्या पोरांचे पाय मोडतील. हे काढा, आम्ही नक्की येतो."

भाऊजी दोन दिवस नुसते घरात फेऱ्या मारत होते. शेवटी माझ्याकडे आले. "वहिनी, तुमच्या जाऊबाईंना तुम्ही विचारा ना."

"मी का? तुम्हाला तोंड नाही?"

"बांध मागायचं नाही."

गेले मी. जाऊबाई अंगणात तुरीच्या वाळलेल्या शेंगा बडवत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. म्हणाल्या, "जमिनीची भीती नाही गं मला. मोजणीचे दगड आहेत दोन्ही टोकांना. पण ह्यांना आठवायचं तर मी कुठे बघू? ह्यांचं उभं राहणं तिथलं."

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "आणि तुमचे भाऊजी रोज बांधापर्यंत येतात, उभे राहतात, परत जातात. मला काय दिसत नाही? बांध हवाय ना, तर स्वतः येऊन मागायचा. रस्त्याने नाही. शेतातून."

हे सांगितल्यावर भाऊजी दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर निघाले. मी मागे मागे. बांधावर तुरीचे खुंट राहिले होते. त्यांनी चपला काढल्या, तिथेच उभे राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता परत फिरतात. पलीकडून जाऊबाई आल्या, पदराला हात पुसत.

"या की. आता कोण ओरडणार आहे?"

त्यांनी एक पाय वर ठेवला, हात पुढे केला, तो जाऊबाईंनी धरला. गुडघे दुखतात त्यांचे. पलीकडे उतरल्यावर थोडा वेळ जमिनीकडेच बघत राहिले, वेगळी असेल असं वाटलं असेल. मग जाऊबाईंना म्हणाले, "वहिनी, बांध काढू का?"

"काढा. पण मशीन नको, माणसं लावा. आणि मे महिन्यात परत घालायचा, नाहीतर माझ्या भाताला पाणी कोण धरून ठेवणार? तुमचा तो शहरवाला?"

टीमनेच कुदळी मारल्या. मातीचा ढीग गोलमागे रचून ठेवला. ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत चुन्याची रेघ ओढली.

शहराची टीम बसने आली. चिकू खाल्ले, फोटो काढले, आणि मग आम्हाला चांगलं हरवलं. पण आपली पोरं रेघेपाशी आली की बॉल उचलायचीच, तलासरीची पोरंसुद्धा. एकदा असा उचलला की पलीकडच्याने तो उतरता उतरताच गोलात मारला. त्यांच्या कोचने भाऊजींना विचारलं, "हा पास कुठे शिकवता?" भाऊजींनी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. त्या पलीकडच्या गोलशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो माणूस गोंधळलेलाच गेला.

मे महिन्यात बांध परत घातला, भाऊजी उन्हात उभे राहून. आत्ता तिथे तूर फुलली आहे. शहरवाल्यांचा परवा फोन आला, ह्या वर्षी कधी येऊ म्हणून. भाऊजी म्हणाले, तूर निघाली की पलीकडच्या वहिनींना विचारून कळवतो.